उंबऱ्यातली तारीख

भूपालआण्णा मगदूम मिस्त्रींनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, पण रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग त्यांनी पेटीतून एक स्क्रूड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीनं गाडीला ठोकत निघाले. बॉनेटवर टण. छतावर टण. मागच्या पत्र्यावर टण. मग गुडघ्यावर बसून डाव्या दाराखाली ठोकलं, तेव्हा आवाज आला, थप.

"थप," आण्णा म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पत्रा न्हाई. मास्तर, तुम्ही गाडी घेतलीसा का लांबी घेतलीसा?"

लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायला पेंटर लोक लावतात तो लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला वाटलं, लांबी म्हणजे गाडीची लांबी. मी अभिमानानं म्हणालो, "बारा फुटांच्या वर आहे, आण्णा."

वर्कशॉपच्या दारात डबा घेऊन उभी असलेली सुमती पदर तोंडात कोंबून मागे वळली. तिचे खांदे हलत होते.

ही गोष्ट १९८९ च्या मे महिन्यातली, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. त्या दुपारी मी खरं तर गाडी दाखवायला आलोच नव्हतो. मी आण्णांची मुलगी मागायला आलो होतो. गाडी ही नुसती प्रस्तावना होती.

सुमती आणि मी एकाच हायस्कुलात शिकवत होतो. ती गणित, मी चित्रकला. दोन वर्षांत आमचं प्रकरण शिक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं, फक्त आण्णांना सोडून. "आण्णांशी पगाराबद्दल बोलू नकोस, घराण्याबद्दल बोलू नकोस," सुमतीनं मला बजावलं होतं. "त्यांना माणसं कळत नाहीत, गाड्या कळतात. गाडीबद्दल बोल." एवढं ऐकून शहाण्या माणसानं गाड्यांवरचं एखादं पुस्तक वाचलं असतं. मी गाडीच घेतली.

निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत ती उभी होती. १९५१ सालची मॉरिस, चार माणसांची, पुढे दोन गोल दिवे. मालकानं वरचं किंतान ओढलं आणि खालून सायीच्या रंगाची, नुकती रंगवलेली, नितळ गाडी बाहेर आली. कौलातल्या फटीतून उन्हाचा एक पट्टा नेमका तिच्या बॉनेटवर पडला होता. मी चित्रकलेचा मास्तर. माझा निकाल तिथंच लागला. बारा वर्षांची शिल्लक मी मोजूनही न बघता देऊन टाकली. सुमती अधूनमधून गमतीत म्हणायची, "जुनी गाडी घेशील तर आधी खाली झोपून तळ ठोकून बघ." त्यातलं 'जुनी गाडी घेशील' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं.

निपाणी ते कोल्हापूर मी गात आलो. कागलमध्ये पोरं गाडीमागून धावली, एका म्हाताऱ्यानं तर नमस्कार केला. पायाखालच्या सतरंजीतून धूळ येऊन पँटमध्ये शिरत होती. मला वाटलं, जुन्या गाड्यांना वारा खेळायची अशी सोय असेल. डाव्या पायाशी रुपयाएवढं एक भोक होतं आणि त्यातून खालचा रस्ता पळताना दिसत होता. एवढा आनंद झाला होता की तेही मला त्या गाडीचं वैशिष्ट्यच वाटलं.

आणि आता 'थप'.

"बसा," आण्णा म्हणाले. मी एका उलट्या बादलीवर बसलो. "सुमीनं सकाळीच सांगितलंय मला, तुम्ही कशाला येणार हाय ते."

मी पाठ करून आणलेलं भाषण वाया गेलं. "मग... तुमचं म्हणणं काय, आण्णा?"

"माझं म्हणणं एकच हाय. वरचा रंग बघून गाडी घेणारा माणूस माझी पोरगी काय बघून मागाय लागलाय?"

सुमतीचं हसणं थांबलं होतं. मी गाडीकडे बघितलं, ती तेवढीच सुंदर दिसत होती आणि मला तिचा भयंकर राग आला.

"कराडचं एक स्थळ आलंय," आण्णा पुढं म्हणाले. "पोरगा इंजिनेर. पुढच्या रविवारी त्येंस्नी उत्तर द्यायचं हाय. आज शनिवार. शाळंला सुट्टी हाय न्हवं? मग तवर ही गाडी उघडा. तुमच्या हातानं, पार तळापतोर. मी नुसता सांगणार, हात लावणार न्हाई. तळ दिसला की मग मी बोलतो."

"आणि तळच नसला तर?" सुमती म्हणाली.

"मग मास्तरास्नी चालत घरला जावं लागंल," आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी हजर झालो. आण्णांनी मला जुनी खाकी पँट दिली, हातात छिन्नी आणि हातोडी दिली आणि गाडीखाली झोपवलं. वरून त्यांचा आवाज यायचा. "दुसऱ्या गाड्यास्नी खाली लोखंडी चेसिस असती, वर बॉडी बसवत्यात. हिला तसलं काय न्हाई. दाराखाली ह्यो जो उंबरा हाय, डावा आणि उजवा, आणि मधला तळ, ह्याच्यावरच सगळी उभी हाय. उंबरा गेला की गाडी मधनं वाकती. दारं उघडली तर लागायची न्हाईत परत."

आधी उजवा उंबरा उघडला. सायीच्या रंगाखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली लांबी, तीही दोन बोटं जाड. लांबीखाली डांबरात बुडवलेलं पोतं. पोत्याखाली निपाणीच्या एका लग्नाची पत्रिका, घड्या घालून कोंबलेली. ती मी खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

"कोण कलाकार हाय ह्यो?" आण्णा गरजले. "पोतं? लोखंडाच्या जागी पोतं?"

आणि मग आठ दिवस तो कलाकार आमच्यात राहायला आला. आण्णांचा ठाम समज असा, की गाडी बिघडवणारा माणूस एकच होता आणि तो अजून कुठंतरी मजेत जगतोय. रोज सकाळी त्याच्या नावानं चहा व्हायचा आणि दुपारी जेवताना त्याचा उद्धार. "ह्येला माझ्यासमोर उभा करा. कानाखाली असा आवाज काढतो की पत्र्याचा आवाज गोड वाटंल." नवी भोकं सापडतील तसा त्यांचा उत्साह वाढायचा. तळात एके ठिकाणी शाळेची पाटी बसवलेली निघाली, लाकडी चौकटीसकट, तेव्हा तर ते शेजारच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या मिस्त्र्यांना बोलावून आले. दहाबारा माणसं गाडीखाली डोकावून हसून गेली. मीही हसलो. हसण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते. अंगभर डांबर, केसांत लांबीचा भुगा, हाताला फोड, आणि दुपारी बारा वाजता सुमती डबा घेऊन येणार हे नक्की. ती गाडीपाशी उकिडवी बसून खाली बघायची. "उपाध्ये सर, आज किती गाडी शिल्लक आहे?" वडिलांसमोर ती मला सरच म्हणायची. मी खालून सांगायचो, "पाव कमी झाली." मग ती भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून गाडीखाली माझ्या तोंडात द्यायची, कारण माझे हात खाण्याच्या लायकीचे नसायचे. आण्णा त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघत. ते माझ्या लक्षात यायचं आणि मी तो घास मुद्दाम सावकाश चावायचो. मग रविवार आठवायचा, कराड आठवायचं, आणि मी दुप्पट जोरानं छिन्नी मारायचो.

एकदा मी विचारलं, "आण्णा, तुम्ही असलं काम कधीच केलं नाही?"

ते पाठीवर आडवे झाले, सरकत गाडीखाली माझ्याशेजारी आले आणि समोरच्या उघड्या उंबऱ्यात बॅटरी मारली. "हितं बघा. आत काय दिसतंय?"

"काही नाही."

"तेच म्हणतो मी. माझ्या वस्तादानं शिकवलंय, उंबऱ्याचा डबा पत्र्यानं बंद करायच्या आधी आतल्या अंगाला तारीख ठोकायची. आकड्यांच्या पंचनं. आणि खाली आपली खूण. माझी तीन टिंबं. कुणाला दिसत न्हाई, पर उद्या कोण उघडलं तर त्येला कळलं पायजे, शिव्या कुणाला घालायच्या. ह्या कलाकारानं काय ठोकलंय का बघा. चोर हाय चोर. मास्तर, असलं काम करणाऱ्याला कुणी पोरगी दिली असंल का?"

सुमती बाहेरून म्हणाली, "दिली असली तर ती बिचारी काय करत असेल कुणास ठाऊक."

पुढचा शनिवार उजाडला. उजवा उंबरा उघडून झाला होता, मधला तळ उघडून झाला होता. फक्त डावा उंबरा राहिला होता, तोच पहिल्या दिवशीचा 'थप'. निळा रंग, हिरवा रंग, लांबी. पण इथली लांबी वेगळी होती, जुनी, दगडासारखी कडक. तिच्याखाली पोतं नव्हतं. पत्र्याचा लांब तुकडा होता, पातळ, आणि तो वेल्डिंग करून नव्हे तर रिव्हेट मारून बसवलेला.

"रिव्हेट!" आण्णांनी कपाळावर हात मारला. "उंबऱ्याला रिव्हेट! ह्यो तर सगळ्याचा बाप निघाला. तोडा, तोडा ते. मी तोंड धुऊन येतो, मला हे बघवंना झालंय." ते मागच्या नळाकडे गेले.

मी एकेक रिव्हेट तोडला आणि तुकडा उलटा करून मांडीवर घेतला. गोड्या तेलाचा डबा होता. कापून सरळ केलेला. आतल्या बाजूला शेंगदाण्याचं चित्र अजून पिवळंधमक होतं. आणि त्या शेंगदाण्यावर, पत्र्यात ठोकलेले, बारीक पण स्वच्छ आकडे होते. पाच, तीन, सहासष्ट. खाली तीन टिंबं.

मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून पुन्हा वाचलं. टिंबं तीनच होती.

आधी मला हसू फुटलं. पोटातून, आवरता येईना असं. आठ दिवस ज्याच्या कानाखाली आवाज काढायचा होता तो माणूस नळावर तोंड धूत होता. सगळे पत्ते माझ्या हातात होते. आता जाऊन नुसतं एवढंच म्हणायचं, आण्णा, कलाकार सापडला. मग कराड नाही आणि इंजिनिअर नाही.

मग ती तारीख माझ्या डोक्यात शिरली. पाच मार्च. दोनच महिन्यांपूर्वी पाच मार्चला मी स्टाफरूममध्ये एक कार्ड लपवून दिलं होतं, स्वतः रंगवलेलं, आणि त्यावर तेवीस फुलं काढली होती. सुमतीचा तेविसावा वाढदिवस.

माझं हसू गेलं. म्हणजे काय झालं ते मला नीट कळलं नव्हतं, पण हा तुकडा त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकायचा नाही एवढं कळलं. नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी घाईघाईनं तुकडा माझ्या शबनम पिशवीत कोंबला, चित्रांच्या वहीमागे. तो मावेना. एक कोपरा बाहेर राहिला.

"काय निघालं?" आण्णा टॉवेलनं तोंड पुसत आले.

"काही नाही. गंज."

"बघू."

"फेकला मी."

"कुठं फेकला? मास्तर, तुमचं तोंड का पांढरं पडलंय?"

तेवढ्यात सुमती डबा घेऊन आत आली. तिनं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि गणिताच्या मास्तरणीनं जे करायचं तेच केलं. सरळ तो कोपरा धरून ओढला. "सर, पिशवीत तेलाचा डबा कशाला?" आणि मग तिनं ते मोठ्यानं वाचलं. "पाच, तीन, सहासष्ट. अगंबाई! हा तर माझा वाढदिवस. खाली तीन टिंबं."

आण्णांनी तुकडा हातात घेतला. खिशातून चष्मा काढला, लावला. अंगठा त्या टिंबांवरून फिरवला, एकदा, दोनदा. मग उघड्या उंबऱ्यापाशी गेले आणि मी खरवडलेल्या हिरव्या रंगाकडे खूप वेळ बघत राहिले.

"हिरवी मॉरिस," ते म्हणाले. "कंत्राटदाराची. नंबर कोल्हापूरचा होता की हिचा तवा."

"आता निपाणीचा आहे," मी हळूच म्हणालो.

ते उलट्या बादलीवर बसले. "सकाळी अकराला निरोप आला. सुमीची आई अडलीया म्हणून. डॉक्टर म्हणत होते, आई आणि बाळ, दोघांतलं एकच वाचंल." त्यांचा आवाज बारीक झाला. "कंत्राटदार दारात उभा. गाडी दे म्हणून हटून बसलेला. नवा पत्रा कापायला तासभर लागला असता. समोर तेलाचा डबा दिसला. कापला, रिव्हेट मारलं, वर लांबी. दोन दिवसांनी घेऊन या, नीट करून देतो म्हणालो आणि सायकल घेऊन दवाखान्यात पळालो."

"आणि तारीख ठोकायला बरी आठवण राहिली?" सुमतीनं विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात खट्याळपणा होता.

"ती आठवावी लागत न्हाई गं. हात आपोआप जातो." त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "दवाखान्यात गेलो तर दोघीबी जित्त्या. तू हातपाय झाडत होतीस. तुला बघितलं आणि गाडी, उंबरा, कंत्राटदार, सगळं इसरलो बघ. तो माणूस परत आलाच न्हाई. मलाबी कधी याद आली न्हाई. तेवीस वर्षं."

मग एकदम त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही हे लपवत होतासा?"

मी मान डोलावली.

"का?"

"आठ दिवस तुम्ही त्याला शिव्या देत होता," मी म्हणालो. "मला... बरं वाटलं नाही."

"म्हणजे माझ्यावर लांबी लावत होतासा!" आण्णा ओरडले. आणि मग असे हसत सुटले की बादली आडवी झाली आणि ते जमिनीवर बसले. हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. सुमती त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती, तीही तशीच. मी मध्ये उभा, हातात छिन्नी, आणि गाडीच्या एका बाजूला उंबराच नाही.

"आण्णा," सुमती थोड्या वेळानं म्हणाली, "आता त्या कलाकाराच्या कानाखाली आवाज काढायचा होता ना?"

"थांब की," आण्णा उठून बसले. त्यांनी तेलाच्या डब्याचा तो तुकडा उजेडात धरला, वाकवून बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळंच पसरत गेलं. "तेवीस वर्षं धरलाय मर्दा ह्यो! गोड्या तेलाचा डबा! निपाणीपास्नं तुम्ही गात आलासा न्हवं, ते कुणाच्या जिवावर?"

त्या दुपारी ते जेवलेच नाहीत. सोळा गेजचा नवा पत्रा काढला, आठ दिवसांत पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कापला, वाकवला, मापाला लावून बघितला. मग ऐरणीवर ठेवला, पेटीतून पंचांचा लाकडी डबा काढला आणि हातोडी माझ्या पुढ्यात धरली.

"ठोक," ते म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं.

मी पंच उचलला. "आज वीस मे. वीस ठोकू?"

"आजची कशाला? डबा बंद करायचा त्या दिवसाची ठोकत्यात." त्यांनी सुमतीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही, पत्र्यावरचा भुगा फुंकत राहिले. "गाडी अकरा जूनला लागणार हाय. वरातीला. हिच्या आईनं पंचांग कवाच बघून ठेवलंय. त्या दिवशी सकाळी डबा बंद करू. ठोक, अकरा, सहा, एकोणनव्वद."

"आणि कराडचे लोक?" मी विचारलं.

"त्येंस्नी मंगळवारीच पत्र टाकलंय की मी," आण्णा म्हणाले. "तू गाडीखाली घास खात होतास, तवाच."

मी घाईनं हातोडी मारली आणि अकरातला पहिला एक तिरका बसला. दुसरा एक त्याच्यावर रेलल्यासारखा पडला. सुमतीनं माझ्या मनगटाला धरलं आणि पुढचे आकडे आम्ही दोघांनी मिळून ठोकले. खाली मी तीन टिंबं ठोकायला गेलो, तर आण्णांनी हात धरला. "ती माझी खूण. तुझी तू काढ."

मला काही सुचेना. चित्रकलेच्या मास्तराला एक खूण सुचू नये! शेवटी सुमतीनंच पंच घेतला आणि दोन टिंबं ठोकली, शेजारीशेजारी.

गाडी अजून आमच्याकडे आहे. आण्णा जाऊन आता बारा वर्षं झाली. तेलाच्या डब्याचा तो तुकडा त्यांनी शेवटपर्यंत वर्कशॉपच्या भिंतीवर खिळा मारून लावला होता आणि नव्या गिऱ्हाइकाला ते दाखवून सांगायचे, "ह्यो बघा, आमच्या सुमीचा जन्मदाखला." गाडीला कुठं कुठं पुन्हा गंज लागलाय. आमचा मुलगा परवा दारापाशी वाकून ठोकत होता. बॉनेट टण, छत टण, डावा उंबराही टण.

"बाबा, याच्या आत काय आहे?" त्यानं विचारलं.

"तिरका एक," मी म्हणालो.